शिवजयंतीच्या तलवारी, स्वयंपाकाच्या सुऱ्या आणि टेक्सासचे साडेपाच इंच

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातल्या महाराष्ट्र मंडळाने शिवजयंतीसाठी शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं आहे. आधी रस्त्याने छोटी मिरवणूक, मग सभागृहात मर्दानी खेळ: तलवार, दांडपट्टा, लाठीकाठी. खेळणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांची चार मुलं आहेत. शहराच्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आलं, की आमच्या हद्दीत तीन इंचांपेक्षा लांब पातं चालत नाही. मंडळातले एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, की टेक्सासमध्ये राज्याच्या कायद्यापुढे शहराचं काही चालत नाही, बिनधास्त करा. खरं कोण? आणि हाच संच पुढे सिएटलला नेता येईल का?

फोनवर बोलणारी व्यक्ती चुकली आहे. पण काकांचं ऐकून बिनधास्त गेलात, तर त्या तीन इंचांपेक्षा कितीतरी मोठ्या भानगडीत सापडाल, कारण तुमचा कार्यक्रम शाळेत आहे. मी टेक्सासमध्ये फौजदारी वकिली करते. मूळची कोल्हापूरची, त्यामुळे आखाड्यातला दांडपट्टा लहानपणापासून बघत आले. तुमचा कार्यक्रम व्हावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून उत्तर लांबलं तरी सगळं नीट सांगते.

महाराष्ट्रातून इथे येताना आपण शस्त्रबंदीची एक ठरलेली समजूत सोबत आणतो. तिकडे शस्त्रांचा मूळ कायदा केंद्राचा, 1959 चा. शिवाय पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी सणासुदीला, निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश काढतात, की अमुक दिवस तलवारी, भाले, लाठ्या, सोटे घेऊन फिरायचं नाही. वरचा कायदा आहेच, आणि स्थानिक अधिकारी त्यावर स्वतःचा एक थर चढवतो. ही रचना आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते, की इथल्या शहराच्या कारकुनाने काही सांगितलं की आपण ते आयुक्तांच्या आदेशासारखं मानतो. टेक्सासपुरतं तरी हे गणित वेगळं आहे.

अमेरिकेत शहराला स्वतःचा असा मूळ अधिकार नसतो. जे आहे ते राज्याने दिलेलं. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी 1868 मध्ये हे फार कडक शब्दांत मांडलं, आणि आजही वकील त्याला डिलनचा नियम म्हणतात. पुढे बऱ्याच राज्यांनी मोठ्या शहरांना जास्त मोकळीक दिली. टेक्सासने 1912 मध्ये राज्यघटना दुरुस्त करून पाच हजारांहून जास्त वस्तीच्या शहरांना स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली, करायची मुभा दिली, पण त्याच कलमात लिहून ठेवलं, की सनदेत किंवा शहराच्या नियमात राज्याच्या कायद्याशी विसंगत काही असता कामा नये.

खरी गुंतागुंत 'विसंगत' या शब्दात आहे. समजा राज्य म्हणतं, साडेपाच इंचांपेक्षा लांब पातं बाळगू नका, आणि शहर म्हणतं, तीनपेक्षा लांब नको. माणूस दोन्ही नियम एकाच वेळी पाळू शकतो, दोन इंचांचा चाकू ठेवला की झालं. मग विसंगती कुठे? यावर न्यायालयांनी राज्याराज्यांत वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये पोर्टलंड शहराचा चाकूंचा नियम रद्द ठरवला. राज्याने साधा खिशातला चाकू मुद्दाम बंदीतून वगळला होता, म्हणजे तो बाळगायला मोकळीक द्यायची हे राज्याने ठरवलंच होतं, शहराला ती काढून घेता येणार नाही, अशी ती मांडणी. पण हे न्यायालयाने विधिमंडळाच्या मनात शिरून काढलेलं उत्तर आहे. दुसऱ्या राज्यात दुसरं न्यायालय दुसरं मन वाचू शकतं.

म्हणून विधिमंडळं स्पष्ट लिहायला लागली: हा विषय आमचा, शहरांनी यात पडायचं नाही. यालाच प्रीएम्प्शन म्हणतात. बंदुकांबाबत हे फार आधीपासून होतं. चाकूंसाठी असा स्वतंत्र कायदा पहिल्यांदा ॲरिझोनाने 2010 मध्ये केला. मग न्यू हॅम्पशायर, युटा, जॉर्जिया, कॅन्सस, टेनेसी आणि आणखी काही राज्यं आली. टेक्सासचं 2015 मध्ये झालं, ओहायोचं 2022 मध्ये.

टेक्सासची जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तुमच्या तलवारीशी तिचा थेट संबंध आहे. अलामोच्या लढाईत 1836 मध्ये पडलेला जिम बोई इथला लोकनायक. त्याच्या नावाने मोठ्या पात्याचा बोई चाकू ओळखला जातो. पण 1871 च्या कायद्याने टेक्सासने बोई चाकू, खंजीर, भाला, गुप्ती बाळगण्यावर बंदी घातली, आणि ती या ना त्या रूपात 2017 पर्यंत टिकली. अगदी अलीकडेपर्यंत राज्याच्या फौजदारी संहितेत 'बेकायदा चाकू' अशी यादीच होती: साडेपाच इंचांहून लांब पातं, खंजीर, बोई, तलवार, भाला. शहरांनी त्यात आपापली भर घातली होती. सॅन अँटोनियोचा नियम तर उलट्या दिशेचा होता. राज्य साडेपाच इंचांवरच्या पात्याला बंदी घालत होतं, आणि शहर साडेपाच इंचांखालच्या अशा घडीच्या चाकूला, ज्याचं पातं उघडल्यावर जागेवर घट्ट बसतं. पातं हाताच्या बोटांवर मिटू नये म्हणून ही सोय असते. सुतार, वायरमन, गवंडी रोज वापरतात तोच हा चाकू. राज्याच्या कायद्यात बसणारा आणि शहराच्या कायद्यात गुन्हा ठरणारा.

1 सप्टेंबर 2015 पासून ते थांबलं. टेक्सासच्या स्थानिक शासन संहितेच्या कलम 229.001 मध्ये बंदुका, हवेच्या बंदुका आणि काडतुसांच्या रांगेत 'चाकू' हा शब्द घातला गेला. 2019 मध्ये कलमाची भाषा आणखी आवळली: शहराने असा ऑर्डिनन्स, म्हणजे शहराचा कायदा, करायचा नाही, आधीचा असेल तर राबवायचा नाही, आणि ठराव, नियम, धोरण अशा दुसऱ्या नावानेही तेच करायचं नाही. बाळगणं, अंगावर घेणं, मालकी, साठवण, वाहतूक, सगळं त्यात आलं. शहर ऐकत नसेल तर राज्याच्या ॲटर्नी जनरलला न्यायालयात जाता येतं.

तुमचे तीन इंच इथेच संपतात. जुना नियम शहराच्या संकेतस्थळावर अजून दिसत असेल, तर त्याने काही बदलत नाही. रद्द झालेला नियम पुस्तकातून पुसण्याचं काम शहरं वर्षानुवर्षं करत नाहीत, आणि नव्याने कामाला लागलेला माणूस जे छापलेलं दिसतं ते सांगतो. माझ्याकडे एका उपनगरातलं असंच प्रकरण आलं होतं. बाविशीतला मुलगा, खिशात घडीचा चाकू, पोलिसाने मेलेल्या नियमाखाली दंडाची चिठ्ठी फाडली. सरकारी वकिलाला कलम 229.001 ची प्रत दाखवली, प्रकरण तिथेच मागे घेतलं गेलं. पण त्याआधी मुलाने रस्त्यात उभं राहून पोलिसाशी तासभर कायद्याचा वाद घातला होता, आणि त्या वादातून दुसरंच एक कलम लागता लागता राहिलं. रस्त्यावर वाद घालू नका. चिठ्ठी घ्या, घरी या, वकिलाला फोन करा.

आता काकांच्या 'बिनधास्त'कडे येते. प्रीएम्प्शन शहराचा हात धरतं. राज्याचा स्वतःचा हात मोकळाच असतो. 2017 मध्ये टेक्सासने 'बेकायदा चाकू' ही कल्पनाच काढून टाकली आणि तिच्या जागी 'स्थळबंदीचा चाकू' आणला. साडेपाच इंचांहून लांब पात्याचं कुठलंही हत्यार प्रौढ माणसाला रस्त्याने न्यायला परवानगी, पण काही ठरावीक जागी सक्त मनाई. हा बदल मूळ मसुद्यात नव्हता. विधेयक विधिमंडळात असतानाच 1 मे 2017 ला ऑस्टिनच्या विद्यापीठात चाकूहल्ला झाला, एका विद्यार्थ्याचा जीव गेला, आणि त्यानंतर जागांची यादी घालूनच ते पुढे सरकलं. फौजदारी संहितेच्या कलम 46.03 मधल्या त्या यादीत पहिला क्रमांक शाळेचा आहे.

यादीतल्या इतर बऱ्याच जागी साडेपाच इंचांवरचा चाकू सापडला तर तो 'क' वर्गाचा किरकोळ गुन्हा, पाचशे डॉलरपर्यंत दंड. शाळेत मात्र तो तिसऱ्या दर्जाचा गंभीर गुन्हा आहे, दोन ते दहा वर्षं कैद. रविवार आहे, शाळेला सुट्टी आहे, सभागृह आपण पैसे मोजून घेतलंय, यातलं काहीही इमारतीचं शाळापण काढून घेत नाही. आणि 'आमच्या तलवारींना धार नाही' या वाक्यावर भरवसा ठेवू नका. संहितेतली चाकूची व्याख्या अशी आहे, की हातात धरायचं, पातं असलेलं, कापून किंवा भोसकून गंभीर इजा करू शकणारं अवजार. बोथट तलवारीलाही टोक असतं. न्यायालयात यावर युक्तिवाद करता येईल, मीही करेन, पण मुलांच्या आईबापांनी तो युक्तिवाद ऐकायला कोर्टात बसावं असं मला वाटत नाही.

इथे मला तलवारीपेक्षा जास्त काळजी स्वयंपाकघराची वाटते. तलवारीचं सगळ्यांच्या लक्षात असतं. सुरीचं कुणाच्याच नसतं. मंडळाच्या कार्यक्रमाला भाजी चिरायला, कलिंगड कापायला, केक कापायला स्वयंसेवक घरून सुऱ्या आणतात. इकडच्या घरात असते ती मोठी सुरी साधारण आठ इंची. व्याख्येनुसार ती साडेपाच इंचांच्या पलीकडे गेली, आणि शाळेच्या इमारतीत आली. कायद्यात 'जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने' अशी अट आहे, आणि केक कापणाऱ्या वहिनींवर कुणी खटला भरेल असं मला वाटत नाही. तरी कलमाचे शब्द तलवार आणि सुरी यांत फरक करत नाहीत. कापणं-चिरणं घरीच उरका, किंवा साडेपाच इंचांच्या आतल्या सुऱ्या आणा, आणि त्यासुद्धा शाळेला सांगून. शाळांचे स्वतःचे नियम कायद्यापेक्षा कडक असतात, आणि ते करायला शाळांना मोकळीक आहे. कलम 229.001 शहरांना बांधतं, शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टला नाही.

यातून वाट आहे, आणि ती त्याच कलमात दिली आहे. शाळेच्या बंदीला अपवाद: शाळेने लिखित नियमाने किंवा लिखित परवानगीने मुभा दिली असेल तर. लिखित हा शब्द महत्त्वाचा. सभागृहाचं बुकिंग करणाऱ्या बाईंनी फोनवर 'नो प्रॉब्लेम' म्हटलं, त्याचा उपयोग शून्य. पत्र कसं असावं ते शेवटी सांगते.

मुलांचा प्रश्न वेगळा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने स्थळबंदीचा चाकू बाळगणं हा टेक्सासमध्ये शाळेबाहेरही गुन्हा ठरू शकतो. स्वतःच्या घरी, गाडीत, किंवा आई-वडिलांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली चालतं. याशिवाय कलम 46.15 मध्ये एक जुना, फार कमी लोकांना माहीत असलेला अपवाद आहे: ऐतिहासिक प्रात्यक्षिकात वापरलेला, किंवा ज्या समारंभात त्या शस्त्राला महत्त्व आहे अशा समारंभातला चाकू. मर्दानी खेळ यात इतका नेमका बसतो, की जणू कुणी कोल्हापुरात बसून लिहिलंय. 2017 च्या आधी तलवारीवरच बंदी होती तेव्हा मोठ्यांनाही हाच आधार होता. आता तो मुलांपुरता उरला आहे. म्हणून मिरवणुकीतली चारही मुलं या अपवादात येतात असं मी ठामपणे म्हणेन, तरीही प्रत्येकाचे आई किंवा बाबा शेजारून चालू देत. पण लक्षात ठेवा, हा अपवाद अल्पवयीनांच्या बंदीला आहे, शाळेच्या बंदीला नाही. शाळेच्या दारात पाऊल टाकताना पुन्हा ते लिखित पत्रच लागेल, मुलांनाही आणि मोठ्यांनाही.

'आपल्याकडे बहुधा देवळातच कार्यक्रम असतो, तिथे करू' असं कुणी म्हणेल. 2017 च्या यादीत प्रार्थनास्थळंही होती. 2021 मध्ये हे कलम पुष्कळ ढवळलं गेलं, आणि टेक्सासचं विधिमंडळ दर विषम वर्षी बसतं तेव्हा त्यात काही ना काही हलवतं. तेव्हा देवळाचा बेत असेल तर त्या महिन्यात लागू असलेलं कलम समोर ठेवून वकिलाकडून वाचून घ्या. दोन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाच्या भरवशावर जाऊ नका.

लाठीकाठीबद्दल कुणीच विचारलं नाहीये. मला तर वाटतं, मिरवणुकीत शहराशी खरा प्रश्न निघालाच तर तो लाठीवरून निघेल. प्रीएम्प्शनचा कायदा ज्या गोष्टींची नावं घेतो तेवढ्यांपुरताच असतो. टेक्सासच्या कलमात बंदुका आहेत, चाकू आहेत, काडतुसं आहेत. काठी नाही. मोर्चा आणि मिरवणुकीत किती जाडीच्या काठ्या न्यायच्या यावर अमेरिकेतली अनेक शहरं मर्यादा घालतात, लॉस एंजेलिसचा तसा नियम आहे. म्हणजे तुमच्या शहराला चार फुटी तलवारीबद्दल बोलता येणार नाही, पण भगव्या झेंड्याच्या काठीबद्दल बोलता येईल. ऐकायला विचित्र वाटतं, पण या कायद्यांचं काम असंच चालतं. मिरवणुकीच्या परवान्याच्या अर्जात लाठ्या आणि झेंड्याच्या काठ्या यांची संख्या, लांबी, जाडी लिहून टाका. रस्ता बंद करणं, वाहतूक, ढोल-ताशाचा आवाज, विमा हे सगळं शहराच्याच हातात आहे, तेव्हा तिथल्या माणसांशी गोडीने वागा. 'तुम्हाला अधिकारच नाही' असं म्हणत अर्ज घेऊन जाऊ नका. तीन इंचांचं ज्यांनी सांगितलं त्यांना कलमाची प्रत नम्रपणे ईमेलने पाठवा आणि शहराच्या वकिलाचं मत मागा. सिटी ॲटर्नीला हे कलम माहीत असतं.

मिरवणुकीत तलवारी म्यानात असू द्या, आणि म्यान नसेल तर कापडात गुंडाळून. राज्याच्या संहितेत सार्वजनिक ठिकाणी लोक घाबरतील अशा पद्धतीने घातक शस्त्र दाखवणं हा गुन्हा आहे, आणि हा कायदा राज्याचाच असल्याने प्रीएम्प्शनचा इथे काही आधार नाही. पोलिसांच्या त्या भागातल्या ठाण्याला आधी कळवा. तलवारी घेऊन चाललेला माणसांचा घोळका दिसला की कुणीतरी 911 फिरवणारच. फोन गेल्यावर येणाऱ्या पोलिसाला आधीच माहीत असलेलं बरं.

आता सिएटल. माझं म्हणणं सरळ आहे: टेक्सासमध्ये जे केलं ते सिएटलमध्ये करू नका. वॉशिंग्टन राज्याने बंदुकांचे नियम शहरांच्या हातून काढून घेतले आहेत, चाकूंचे घेतलेले नाहीत. म्हणून सिएटलचा स्वतःचा नियम जिवंत आहे, आणि तो कडक आहे. घडी न होणारं, मुठीत पक्कं बसवलेलं कुठलंही पातं, मग लांबी कितीही असो, आणि साडेतीन इंचांवरचा घडीचा चाकू, हे दोन्ही 'धोकादायक चाकू' ठरतात. उघड बाळगा की झाकून, दोन्ही सारखंच. 2010 मध्ये तिथे एका माणसाला वेगाने गाडी चालवल्याबद्दल थांबवलं. जवळ शस्त्र आहे का विचारल्यावर त्याने खिशात चाकू असल्याचं सांगितलं. तो निघाला भाजी सोलायचा छोटा चाकू, म्यानात घातलेला. त्याला शिक्षा झाली. सिएटल विरुद्ध इव्हान्स या नावाने ते प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 31 डिसेंबर 2015 ला पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम राहिली. भाजीचा चाकू राज्यघटनेच्या अर्थाने शस्त्रच नव्हे, त्यामुळे शस्त्र बाळगण्याच्या हक्काचं संरक्षण त्याला नाही, असं बहुमताने म्हटलं. म्हणजे शिक्षेसाठी तो धोकादायक चाकू, आणि हक्कासाठी तो स्वयंपाकाचं अवजार. मला तो निकाल आजही पटत नाही.

तुमचा सिएटलचा कार्यक्रम त्या शहराच्याच हद्दीत आहे का, हे आधी पाहा. रेडमंड किंवा बेलव्ह्यू ही वेगळी शहरं आहेत, पूल ओलांडला की नियम बदलतो. सिएटलने शस्त्र नीट गुंडाळून ठरावीक कारणांसाठी नेण्याला सूट दिली आहे, पण तुमचा प्रयोग त्या सुटीत बसतो का, हे तिथल्या वकिलाने कलम वाचून सांगावं. मला विचाराल तर फरी-गदका (छोटी ढाल आणि काठी) आणि लाठीकाठी घेऊन जा, तलवारी आणि पट्टे टेक्सासला ठेवा. फरी-गदक्यावरही आखाडा रंगतो.

शहराचा आणि राज्याचा कायदा एकमेकांवर कसा आपटतो याचं सगळ्यात दुःखद उदाहरण बाल्टिमोरचं आहे. एप्रिल 2015 मध्ये फ्रेडी ग्रे या तरुणाला पोलिसांनी पकडलं, ते त्याच्या खिशातल्या स्प्रिंगच्या मदतीने उघडणाऱ्या चाकूवरून. पोलिसांच्या ताब्यात असताना त्याच्या मणक्याला इजा झाली आणि आठवडाभरात तो गेला. शहर पेटलं. 1 मे ला सरकारी वकील मॅरिलिन मॉस्बी यांनी जाहीर केलं, की तो चाकू मेरीलँड राज्याच्या कायद्याने वैध होता. पोलिसांच्या बाजूने उत्तर आलं, की शहराच्या नियमात स्प्रिंगच्या चाकूला बंदी आहे. एकाच खिशातली एकच वस्तू, राज्याच्या पानावर वैध आणि शहराच्या पानावर अवैध, आणि राज्याने या विषयात शहराला आवरलेलं नाही. लॉस एंजेलिसमध्ये दुसरी गंमत नसलेली गंमत आहे: मुठीत पक्कं बसवलेलं लांब पातं झाकून नेलं तर कॅलिफोर्निया राज्याचा गुन्हा, आणि काम, धर्म, खेळ असं कारण नसताना उघडं नेलं तर शहराचा.

म्हणून चाकूंच्या बाबतीत मी प्रीएम्प्शनच्या बाजूची आहे. मी कोर्टात बघते ते लोक हद्दीची पाटी न बघता कामाला जाणारे असतात. सुतार, गोदामातले कामगार, शेफ. सकाळी एका शहरात, दुपारी दुसऱ्यात. प्रत्येक गावाचे वेगळे इंच पाठ करा असं त्यांना सांगणं अन्यायाचं आहे. पण ही सगळीकडे चांगलीच गोष्ट आहे असंही मी म्हणणार नाही. टेक्सासने 2023 मध्ये याच पद्धतीचा फार मोठ्या आवाक्याचा कायदा केला, ज्याच्या झळा ऑस्टिन आणि डॅलसच्या बांधकाम मजुरांना पाणी पिण्याची सुट्टी देणाऱ्या नियमांपर्यंत पोहोचत होत्या. ह्यूस्टन शहर त्याविरुद्ध न्यायालयात गेलं. उन्हात स्लॅब घालणाऱ्या माणसाला चार तासांनी दहा मिनिटं सावली द्यावी हे त्या त्या शहराला जास्त चांगलं कळतं. शहराचा हात बांधताना नक्की काय बांधतोय ते दर वेळी बघावं लागतं.

प्रवासाचं थोडक्यात. विमानात तलवार हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या सामानात चालते, टोक आणि धार नीट गुंडाळून. मोटारीने राज्याराज्यांतून जाताना बंदुकीला 1986 च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, चाकूला ते लागू नाही, म्हणून वाटेतलं प्रत्येक राज्य, आणि जिथे प्रीएम्प्शन नाही तिथे प्रत्येक शहर, वेगळं धरा. केंद्र सरकारच्या इमारतीत खिशातला चाकू अडीच इंचांच्या आतच चालतो.

आणि हे एच-वन-बी, ग्रीन कार्डवाल्या सगळ्यांसाठी. व्हिसाच्या अर्जात कधी अटक झाली होती का, असा प्रश्न असतो. नागरिकत्वाच्या अर्जातही असतो. खटला मागे घेतला गेला तरी उत्तर 'हो' असंच लिहावं लागतं आणि कागद जोडावे लागतात. पाचशे डॉलरचा दंड इथल्या माणसाला विसरता येतो, आपल्याला तो दर अर्जाला आठवावा लागतो. म्हणून कायदा आपल्या बाजूने आहे हे माहीत असूनही मी तुम्हाला कागद जास्त जमवायला सांगते आहे.

शाळेचं पत्र असं घ्या. सही मुख्याध्यापकांची असेलच, पण डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाचीही घ्या. पत्रात तारीख, वेळ, इमारतीचं नाव, आणि शस्त्रांची यादी संख्येसह: तलवारी इतक्या, दांडपट्टे इतके, लाठ्या इतक्या. लाठ्या विसरू नका, कारण मारण्यासाठी बनवलेला सोटाही शाळेच्या बंदीत येतो. कुणाच्या हातात ती असतील त्यांची नावं, अल्पवयीन मुलांची आणि त्यांच्या पालकांची सुद्धा. कलम 46.03 खालची ही लिखित परवानगी आहे असं एक वाक्य त्यात असलंच पाहिजे. पत्र हातात येईपर्यंत शस्त्रं गाडीतून उतरवायची नाहीत. आवारात शाळेचा स्वतःचा कार्यक्रम चालू नसेल तर बंदी इमारतीला आहे, पार्किंगला नाही, म्हणून गाडी बाहेर उभी करून थांबता येतं. एक प्रत पोलीस ठाण्याला द्या, एक सभागृहाच्या दाराशी बसणाऱ्या स्वयंसेवकाकडे, आणि मूळ पत्र तलवारींच्या पेटीतच ठेवा. पेटी परत घरी पोहोचेपर्यंत ते तिथून काढू नका.